येळवशीच्या दिवशी तीन सह्या

सोमवारी सकाळी अकरा वाजता मांजरपूर नगरपरिषदेच्या सभागृहात सर्वेश लिमये एकटाच बसला होता. समोर तीन रिकाम्या खुर्च्या, तीन पाण्याच्या बाटल्या आणि एक फुगलेली फाइल. बैठकीची वेळ साडेदहाची होती. बैठक त्यानंच बोलावली होती, नोटीस त्यानंच काढली होती आणि 'गैरहजर राहिल्यास गंभीर दखल घेतली जाईल' हे वाक्यही त्यानंच स्वतःच्या हातानं टाइप केलं होतं. आता गंभीर दखल घ्यायची म्हटली, तरी घ्यायला कुणीतरी समोर हवं ना!

सर्वेश पुण्याचा. चार आठवड्यांपूर्वी समन्वय अधिकारी म्हणून लातूर जिल्ह्यातल्या या गावात रुजू झाला होता. समन्वय अधिकारी म्हणजे काय, हे गावाला ठाऊक नव्हतं आणि पहिले आठ दिवस त्यालाही नव्हतं. नवव्या दिवशी कळलं. गावात कुणाला काही सुरू करायचं असलं की तीन दारं वाजवावी लागायची. नगररचना विभाग जागा आणि नकाशा बघायचा, परवाना विभाग परवाना द्यायचा आणि गावात धंदे वाढावेत म्हणून नव्यानं उघडलेला उद्योगवाढ कक्ष शिफारस करायचा. तिन्ही एकाच मजल्यावर, एकाच व्हरांड्यात. नगररचनेत कुणी शिंकलं तर परवान्यात ऐकू यायचं. पण परवाना म्हणायचा, आधी नगररचनेची सही आणा. नगररचना म्हणायची, आधी उद्योगवाढची आणा. आणि उद्योगवाढ म्हणायचा, आधी परवान्याची आणा. फार पूर्वी म्हणे एका भाबड्या माणसानं सगळ्यांच्या आधी सही केली होती आणि त्याची चौकशी लागली होती. तेव्हापासून पहिली सही आपण करायची नाही, ही गोष्ट मात्र सगळे एकदिलानं पाळत आले होते. नव्या कक्षानंही ती पहिल्याच आठवड्यात शिकून घेतली.

समोरची फुगलेली फाइल वर्षाराणीची होती. गावाच्या कडेला सासरच्या दहा गुंठे जागेत तिला करडईच्या तेलाचा लाकडी घाणा टाकायचा होता. घाणा आणून ठेवलेला होता, तो अकरा महिने ओसरीवर प्लास्टिक पांघरून बसला होता. गल्लीतल्या नऊ बायका काम शिकून तयार बसल्या होत्या. फक्त तीन सह्यांचा एक संयुक्त शेरा लातूरला जिल्ह्याच्या कार्यालयात जायचा होता, आणि त्याची मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत होती. नाही गेला तर फाइल बाद आणि नवीन अर्ज, पुन्हा पहिल्यापासून.

"परत पहिल्यापासून न्हाई जमायचं साहेब," वर्षाराणी मागच्या आठवड्यात सर्वेशला म्हणाली होती. ती रडली नव्हती, ओरडलीही नव्हती. सरळ सांगत होती. "बायका रोज विचारतेत, ताई कवा चालू करायचं? मला तोंड दाखवायची लाज वाटून राहिली. आता न्हाई झालं तर मी घाणा इकून टाकते बगा."

"सोमवारी पाचच्या आत होईल. मी शब्द देतो," सर्वेश म्हणाला होता. तरुण अधिकाऱ्यांना शब्द द्यायची भारी हौस असते.

तर आता सव्वाअकरा झाले होते आणि तिघांपैकी एकजणही फोन उचलत नव्हता. सर्वेशनं व्हरांड्यात येऊन पाहिलं. सगळ्या दारांना कुलपं होती. सकाळी शिपायानं सभागृह उघडून दिलं होतं, "साहेब, आज?" असं विचारून तो चकित होऊन उभा राहिला होता आणि मग किल्ली सर्वेशच्याच हातात ठेवून सायकलवर निघून गेला होता. आपल्या वक्तशीरपणानं तो भारावला असावा, असं सर्वेशला वाटलं होतं.

शेवटी त्यानं दत्तोपंतांना फोन लावला. दत्तोपंत समन्वय कक्षाचे एकमेव कारकून. तीस वर्षांची नोकरी, आवाजात कायम एक दिलासा.

"दत्तोपंत, कुठे आहात तुम्ही? आणि बाकीचे कुठे आहेत?"

"शेतात की साहेब. आज येळवस."

"म्हणजे?"

"मी गेल्या सोमवारीच बोललो होतो की तुम्हाला. त्या दिवशी येळवस हाय म्हणलं. तुम्ही म्हणलात, पुढं ढकला."

सर्वेशला आठवलं. दत्तोपंतांच्या घरी काहीतरी पूजाबिजा असेल अशा समजुतीनं तो खरंच तसं म्हणाला होता.

"आता अमावस्या मी कशी पुढं ढकलू साहेब?" दत्तोपंत समजुतीनं म्हणाले.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, आणि त्या दिवशी इकडं सगळं गाव शेतात जातं हे पुण्याच्या माणसाला कुणी सांगायचं? घरात कुणी थांबत नाही, दुकान उघडत नाही. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभी करायची, तिच्यात पाच पांडव म्हणून पाच दगड मांडून पूजा करायची आणि दिवसभर खायचं, खाऊ घालायचं. ज्याला शेत नाही त्याला दहा शेतांची बोलावणी असतात. स्थानिक सुट्टीचं पत्रक नगरपरिषदेच्या दारावर आठवडाभर लटकत होतं. सर्वेश रोज त्या दारातून आत जात होता, कानाला फोन लावून.

"मला आजच सह्या हव्यात," तो म्हणाला. "आजच!"

"मग चला की. मी गाडी घेऊन येतो. तिघं बी तिघांच्या शेतातच घावतील. आज माणूस घरी न्हाई सापडणार, पण शेतात पक्का सापडतो."

दत्तोपंतांची मोटरसायकल वीस मिनिटांत आली. फाइल पोटाशी धरून सर्वेश मागं बसला. मनात त्यानं हिशेब केला, तीन शेतं, प्रत्येकी दहा मिनिटं, दीड वाजेपर्यंत काम फत्ते. हा हिशेब करताना त्यानं फक्त सह्या धरल्या होत्या, ताटं धरली नव्हती.

पहिलं शेत परवाना विभागाच्या सिंधु बिरादार यांचं. मॅडम पदर खोचून भलंमोठं पातेलं ढवळत होत्या.

"अगं बाई, साहेब! आमच्या शेतात! या या या. अगं ताट आणा गं!"

"मॅडम, आज बैठक होती. नोटीस मिळाली नाही का?"

"मिळाली की. येळवशीला बैठक! म्हणलं, नवीन साहेब हायत, गंमत केली असंल."

"गंमत? मी फक्त सहीसाठी आलोय. जेवायला वेळ नाही."

सिंधुताईंचा चेहरा पडला. भोवतालची पंधरावीस माणसं जेवता जेवता थांबली. दत्तोपंत सर्वेशच्या कानाशी पुटपुटले, "साहेब, आज शेतात आलेला माणूस न जेवता गेला तर शेताला बरं नसतं म्हणतेत. बसा गपचिप."

सर्वेश बसला. ताटात बाजरीचे वाफवलेले उंडे आले. तुरीचे दाणे, हरभऱ्याचे घाटे, मेथी, चुका आणि रानातलं जे जे हिरवं ते सगळं बेसनात शिजवलेली भज्जी आली. वर कच्चं तेल. मग खीर. मग मडक्यातली गार आंबील, ताकाची, जिरं-लसूण लावलेली. सर्वेशनं पहिला घास नाइलाजानं घेतला, दुसरा मात्र आवडीनं. मान खाली घालून तो जेवत राहिला. मान वर करी, तोवर ताट परत भरलेलं असायचं.

अर्ध्या तासानं हात धुऊन त्यानं फाइल पुढं केली. सिंधुताईंनी ती प्रेमानं चाळली.

"लई गुणाची पोरगी हाय हो ही वर्षाराणी. मी कवाच सही केली असती. फक्त नगररचनेची आधी पाहिजे. स्वामी साहेबांची आणा, मी डोळे झाकून करते."

मृत्युंजय स्वामी नगररचनेचे. त्यांचं शेत चार किलोमीटरवर, पण तिथवर जायला दोनदा थांबावं लागलं. वाटेवरची अनोळखी माणसं गाडीला आडवी यायची. "ओ पावणं! असं कसं चाललाव?" म्हणायची आणि हातात आंबिलीचा पेला द्यायची. दत्तोपंत नाही म्हणत नव्हते. सर्वेशनं एकदा नाही म्हणून पाहिलं, तर त्या म्हाताऱ्यानं मोटरसायकलची किल्लीच काढून घेतली. पेला रिकामा झाल्यावर परत दिली.

स्वामी साहेब आपल्या कोपीकडं कौतुकानं बघत बसले होते. कोप त्यांनी स्वतः उभी केली होती. सगळ्या शिवारातली एकमेव काटकोनातली कोप ती.

"चारी बाजूंनी दीड-दीड मीटर जागा सोडलीय बरं का," ते म्हणाले. "कडब्याची असली म्हणून काय झालं? नियम म्हणजे नियम. बसा साहेब, ताट येऊन राहिलंय."

"स्वामी साहेब, मी आत्ताच पोटभर—"

"बिरादारांच्या शेतात जेवलाव?" स्वामींचा आवाज जरा बदलला. "आणि आमच्याकडं न्हाई?"

सर्वेश जेवला. इथं धपाटे होते आणि लोण्याचा गोळा होता. या भज्जीत शेंगदाणे होते, आणि तिकडच्यापेक्षा ही चांगली आहे असं त्याच्याकडून दोनदा वदवून घेण्यात आलं. मग फाइल उघडली.

"नकाशा एक नंबर," स्वामी म्हणाले. "माझी काही हरकतच न्हाई. उद्योगवाढची शिफारस आली की लगेच करतो. शिवशंकर पलीकडच्या वाडीच्या रस्त्याला हायत. त्यांची सही आणा, माझी झाली म्हणून समजा."

सर्वेशला आता गाडीवर चढायला दत्तोपंतांचा खांदा लागला. उद्योगवाढ कक्षाच्या शिवशंकर पाटलांच्या शेतात पोचेतो दोन वाजून गेले होते. शिवशंकर वहीत काहीतरी लिहीत होते.

"सत्तावन्न आणि तुम्ही दोघं, एकोणसाठ," ते आनंदानं म्हणाले. "गेल्या येळवशीला एक्केचाळीस होते. वाढ हाय बगा! एक माणूस कमी पडून राहिला साठाला."

"मी जेवणार नाही," सर्वेश म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

"साहेब, आकडा कमी होईल हो."

हे ते इतक्या कळवळून म्हणाले की सर्वेश बसला. काय खाल्लं ते त्याला आठवत नाही. खीर होती एवढं नक्की, कारण ती शर्टावर होती. शेवटी त्यानं फाइल पुढं सरकवली. शिवशंकरांनी सगळे कागद वाचले आणि मान डोलावली.

"असे धंदे पाहिजेत गावात. नऊ बायकांना काम! मी तर मोठी शिफारस लिहिणार हाय. फक्त तेवढी परवान्याची सही आधी पाहिजे. बिरादार मॅडमकडून आणलीत की झालं."

सर्वेश उठून बाभळीच्या सावलीत गेला आणि आडवा झाला. ही फाइल अकरा महिने व्हरांड्यात जो फेरा घेत होती, तोच फेरा आज त्यानं तीन तासांत पोटावर घेतला होता. वर्षाराणी ही फिरफिर अकरा महिने कशी सोसत आली असेल, हे त्याला पहिल्यांदा नीट कळलं. चार आठवडे तो नुसत्या नोटिसा काढत होता. त्याला स्वतःची लाज वाटली, खरोखर वाटली.

तेवढ्यात तिचाच फोन आला.

"साहेब, झालं का?"

खोटं बोलायचं त्याच्या जिभेवर आलं होतं, पण भरल्या पोटी माणसाला खोटंही सुचत नाही. "नाही झालं, वर्षाराणीताई. तिघंही सही करायला तयार आहेत, पण आधी कुणीच करत नाही. मी शब्द दिला होता तुम्हाला. माफ करा."

पलीकडून एका म्हातारीचा खणखणीत आवाज आला. वर्षाराणीच्या सासूबाई शिवम्मा, माहेर कर्नाटकातल्या भालकीचं. सुनेच्या हातातून त्यांनी फोन काढून घेतला होता.

"त्या तिघांना आमच्या शेताला बोलवायचं का?"

"मी बोलावलं तर येत नाहीत हो ते," सर्वेश काकुळतीनं म्हणाला.

"तुम्ही बैठकीला बोलावता. मी आंबील प्यायला बोलावते. बर्री तुम्ही, लगेच या."

सर्वेशनं लाल अक्षरात तातडीचं लिहून जे साधलं नव्हतं ते शिवम्मांच्या तीन फोननी पंधरा मिनिटांत साधलं. येळवशीचं बोलावणं मोडायची या शिवारात कुणाची छाती नव्हती. चार वाजता सिंधुताई स्कूटीवर आल्या, स्वामी साहेब बायकोसह आले, शिवशंकर वही घेऊन आले. घाण्याच्या त्या दहा गुंठ्यांतच शिवम्मांची कोप होती. अकरा महिन्यांत पहिल्यांदाच तिन्ही विभाग एकाच वेळी जागेवर आले होते, हे सर्वेशच्या आधी दत्तोपंतांच्या लक्षात आलं.

"संयुक्त स्थळपाहणी झाली म्हणून लिहून टाकतो साहेब," ते म्हणाले आणि त्यांनी लिहूनही टाकलं.

पण सह्या? तिघं शेजारी शेजारी पंगतीत बसले. फाइल मधोमध.

"करा मॅडम, तुम्ही मोठ्या."

"छे, तुमचा नकाशा आधी."

"मी काय, मी तर नवीन विभाग."

सव्वाचार झाले. साडेचार झाले. वर्षाराणी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. नऊ बायका बांधावर ओळीनं बसल्या होत्या.

पानं वाढून झाली होती, पण कुणी घास उचलला नव्हता. सर्वेशनं हळूच विचारलं, "हे थांबलेत कशासाठी?"

"हर हर महादेव म्हणल्याबिगर कुणी आधी जेवत नसतं," शिवम्मा म्हणाल्या. "एकदा म्हणलं की सगळे बरोबर."

सर्वेश ताडकन उठला. म्हणजे उठायचा प्रयत्न केला, दत्तोपंतांनी ओढून उभं केलं.

"वर्षाराणीताई, या शेऱ्याच्या झेरॉक्स आहेत का तुमच्याकडे?"

"बारा हायत," ती म्हणाली. अकरा महिने फिरलेल्या माणसाकडं झेरॉक्सची कमी नसते.

सर्वेशनं तिघांसमोर एकेक कागद ठेवला, हातात एकेक पेन दिलं. "जसं जेवायला बसता, तसंच. शिवम्मा महादेव म्हणतील, तिघांनी एकदम सही करायची. मग कागद डावीकडं सरकवायचा. पुन्हा सही, पुन्हा सरकवायचा. पहिली कुणाचीच नाही."

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. स्वामी साहेबांनी विचार केला. "चौकशी लागली तर?"

"आधी कोण, असं विचारतील," शिवशंकर म्हणाले, "आणि आपण सांगू, कुणीच न्हाई."

"हे बरं हाय की," सिंधुताई म्हणाल्या.

शिवम्मांनी दोन्ही हात वर केले. "पार्वतीपते—"

"हर हर महादेव!" सगळं शिवार ओरडलं. तीन पेनं एकदम चालली. कागद डावीकडं सरकले, परत सरकले आणि घास उचलायच्या आत तिन्ही कागदांवर तीन-तीन सह्या होत्या. एका सहीवर भज्जीचा डाग पडला होता, पण वाचता येत होती. दत्तोपंतांनी सर्वेशच्या फोनवर फोटो काढले. शेतात फोटो जाण्याइतकी रेंज नव्हती, म्हणून सर्वेश ट्रॅक्टरच्या टपावर चढला, पोटाला सांभाळत. चार वाजून बावन्न मिनिटांनी शेरा लातूरला गेला.

बांधावरच्या बायका उठून नाचायच्याच बाकी होत्या. वर्षाराणी तांब्या खाली ठेवून मटकन बसली आणि आत्ता मात्र रडली. "आत्याबाई, झालं हो! झालं एकदाचं!" शिवम्मांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि दुसऱ्या हातानं तिघा अधिकाऱ्यांच्या ताटात भज्जी वाढली. तिघंही मोठ्या अभिमानानं बसले होते. ऐन वेळेला आपण फाइल वाचवली, असं जो तो शेजाऱ्याला सांगत होता.

सर्वेशनं खात्री करावी म्हणून ट्रॅक्टरवरूनच जिल्ह्याच्या कार्यालयातल्या साहेबांना फोन लावला. फोनमध्ये त्यांच्या मागं बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता.

"मिळालं की," पलीकडून आवाज आला. "पण आज कशाला एवढी घाई केलीत राव? येळवशीमुळं मुदत दोन तारखेपर्यंत वाढवलीय. आठ दिवस झाले, तुमच्या समन्वय कक्षाला पत्र पाठवलंय."

सर्वेश सावकाश खाली उतरला. दत्तोपंतांना त्यानं बाजूला घेतलं.

"दत्तोपंत, मुदतवाढीचं पत्र आलं होतं आपल्याकडे?"

"आलतं काय की. तुमच्या टेबलावरच्या गठ्ठ्यात असंल. आवक रजिस्टरवर आधी तुमची सही झाल्याबिगर मला पाकीट फोडता येत न्हाई, साहेब."

सर्वेश पंगतीकडं वळला. "मी सांगून टाकतो सगळ्यांना. अजून तीन दिवस आहेत म्हणून."

दत्तोपंतांनी तीस वर्षांत पहिल्यांदाच साहेबाचा हात धरला.

"येड्यावानी करू नका साहेब," ते कुजबुजले. "तीन दिवस हायत म्हणून कळलं, तर हे तिघं सह्या परत मागतील."

सर्वेशनं फोन बंद करून खिशात घातला आणि पंगतीत रिकामी जागा बघून बसला. शिवम्मांनी विचारायच्या आत त्यानंच पेला पुढं केला.

"वाढा," तो म्हणाला. "काठोकाठ वाढा."